नोव्हेंबरातली गाठ

या आठवड्यात नॉर्वेच्या उन्हात जायचं ठरलं होतं. पण वाटेत एका वाचक बाईंचं पत्र आडवं आलं. ‘अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाची निदानं नोव्हेंबरात वाढायची, असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे थंडी बाधते का?’

थंडी नाही, ऑक्टोबर बाधतो! १९८५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि टॅमॉक्सिफेन हे स्तन-कर्करोगावरचं औषध बनवणाऱ्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा औषध विभाग यांनी मिळून ऑक्टोबर हा स्तन-कर्करोग जागृतीचा काळ ठरवला. ऑक्टोबरात मॅमोग्राफी, त्यात काही संशयास्पद दिसलं की पुन्हा बोलावणं, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. पॅथॉलॉजीचा कागद हाती पडेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. ग्रँट आणि कॅथरीन जेकबसन या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७३ ते २००५ या काळातल्या नोंदी चाळल्या, तेव्हा ही मोहीम देशभर पसरत होती त्या वर्षांत नोव्हेंबरचा हा उंचवटा त्यांना सापडला. पुढे तपासणी बारमाही झाली आणि तो उंचवटा विरला.

गाठीला स्वतःला महिना ठाऊक नसतो. एका पेशीपासून सेंटिमीटरभर गाठ व्हायला साधारण तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. एका दुपटीला शंभर दिवस धरले तर तीन हजार दिवस, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. एवढ्या काळात किती हिवाळे येऊन जातात!

आकडे माणसांच्या हालचालींनी कसे हलतात, याचा सगळ्यात ठसठशीत दाखला १९७४ चा. जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या पत्नी बेट्टी आपल्या सहायिकेला सोबत म्हणून बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात गेल्या. सहायिकेनं आग्रह केला, ‘आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या.’ तपासणीत उजव्या स्तनात गाठ निघाली आणि २८ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली.

त्या काळी असं दुखणं बंद दाराआड ठेवायची रीत होती. बेट्टींनी ते जाहीर केलं. बायकांची तपासणीसाठी रीघ लागली. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नाव पुढे आलेल्या नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नी हॅपी यांनी स्वतःला चाचपून पाहिलं, तर त्यांनाही गाठ लागली; ऑक्टोबरातच त्यांचीही शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेची कर्करोग-नोंदणी नुकतीच, १९७३ मध्ये सुरू झाली होती. तिच्या आलेखात १९७४ चं शिखर आजही उठून दिसतं. रोग वाढला नव्हता, दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बायका वाढल्या होत्या.

याची उलटी बाजू स्वीडनमध्ये दिसते. जुलैत सगळा देश सुट्टीवर जातो, आणि राष्ट्रीय नोंदणीत कर्करोगाची निदानं सुट्टीच्या दिवसांत खाली येतात. आपल्याकडच्या घरांत ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ म्हणतात, तशातलाच हा प्रकार.

आता नॉर्वे. उन्हाळ्यात आणि शरदात निदान झालेल्या तिथल्या बायका जास्त जगल्या, आणि संशोधकांनी श्रेय दिलं उन्हातल्या ड-जीवनसत्त्वाला. पण जुलैत सुट्टी नॉर्वेतही असतेच. मग रजेच्या दिवसांतही डॉक्टरांकडे येणाऱ्या बायका कोण? ऊन की रजा, हा वाद पुढच्या आठवड्यात.