आवाजाचा सांधा : लाउडस्पीकरमधील क्रॉसओव्हर

गाण्याची आणि भाषणाची आवड नाही असे घर आपल्या समाजात सापडणे कठीण. डहाणू-तलासरी भागात जयंतीची सभा असो, लग्नकार्य असो की गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असो, पाहुण्यांच्या आधी लाउडस्पीकर हजर असतो. घरोघरीही आता मोठमोठे स्पीकर आले आहेत. ते विकत घेताना आपण दुकानदाराला दोनच प्रश्न विचारतो. किती वॅटचा? आणि केवढ्याला? पहिल्या उत्तरावरून आवाज किती मोठा होईल याचा थोडाफार अंदाज येतो, परंतु तो कसा असेल हे मात्र कळत नाही. ते ठरविणारी एक लहानशी वस्तू पेटीच्या आत, कुणाच्या नजरेस न पडता बसलेली असते. तिचे नाव क्रॉसओव्हर.

तीच पेटी, तेच स्पीकर, तोच अँप्लिफायर, पण क्रॉसओव्हर बदलला की गायकाचा आवाज एखाद्या वेळी जवळ येतो, एखाद्या वेळी घोंगडीआड गेल्यासारखा होतो. असे का घडते, हे सभासद बंधू-भगिनींना व विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांना समजावे म्हणून हा लेखप्रपंच. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. त्यामुळे जेवढी आकडेमोड अगदी आवश्यक तेवढीच येथे दिली आहे, आणि ती नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखी आहे.

एका पेटीत दोन स्पीकर कशासाठी?

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने झाली ती संख्या हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आज आपण वापरतो त्या पद्धतीचा, म्हणजे चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी पडदा असलेला लाउडस्पीकर अमेरिकेतील राइस व केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. पण एकाच पडद्याने हा सगळा पल्ला गाठणे फार अवघड आहे. खालच्या आवाजासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. वरच्या आवाजासाठी तो सेकंदाला हजारो वेळा हलला पाहिजे, म्हणून हलका व लहान हवा. म्हणून काम दोघांत वाटून देतात. मोठा तो वूफर, लहान तो ट्वीटर.

मात्र वाद्यांना ही वाटणी ठाऊक नसते. ढोलकीचेच पाहा. डाव्या पुडीचा घुमारा वूफरच्या वाट्याला येतो आणि उजव्या पुडीवरच्या चाटीचा तीक्ष्ण भाग ट्वीटरच्या. आपल्या भागातला तारपा घ्या. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांतून निघणाऱ्या त्या सुराचा पाया वूफर वाजवतो, तर पात्यांची झिणझिण थेट ट्वीटरपर्यंत पोचते. माणसाचा गळाही तसाच. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांच्या गळ्यातील भरदारपणा खालच्या भागात आहे, आणि शब्दांची धार वरच्या भागात. कानाला मात्र ढोलकी एक, तारपा एक आणि गायक एकच ऐकू आला पाहिजे. दोन तुकडे जेथे जोडले जातात तो सांधा म्हणजे क्रॉसओव्हर. सांधा चांगला असेल तर तो कळतच नाही.

ही अडचण प्रथम मोठ्या प्रमाणावर भेडसावली ती बोलपटांना. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १९३१ साली ‘आलम आरा’ झळकला आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. हजारभर प्रेक्षकांना संवाद नीट ऐकू जावेत म्हणून हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओत डग्लस शिअरर यांच्या पथकाने १९३० च्या दशकाच्या मध्यास खालचा व वरचा आवाज वेगवेगळ्या कर्ण्यांतून काढणारी मोठी यंत्रणा बनविली. त्याआधीच्या एका यंत्रणेत नर्तिकेच्या बुटांचा एक ठोका दोनदा ऐकू येई असे सांगतात. दोन कर्ण्यांची लांबी वेगवेगळी असल्यामुळे एकाच ठोक्याचे दोन भाग मागेपुढे पोचत होते. आवाज वाटून देणे सोपे, पण तो परत जुळविणे अवघड, हा धडा तेव्हापासूनचा.

वाटणी होते कशी?

यासाठी दोनच मुख्य वस्तू लागतात. एक कपॅसिटर, ज्याला आपल्याकडे मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. तो खालच्या कंपनांना अडवतो आणि वरच्यांना जाऊ देतो. दुसरी तांब्याच्या तारेची कॉइल. ती याच्या नेमके उलट वागते. ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर आणि वूफरच्या वाटेत कॉइल घातली की सर्वांत साधा क्रॉसओव्हर तयार झाला.

हिशेब असा. १,५९,००० या संख्येला हर्ट्झ व ओहम यांच्या गुणाकाराने भागले की कंडेन्सरचे माप मायक्रोफॅरडमध्ये मिळते. ८ ओहमचा ट्वीटर ३,००० हर्ट्झवर सुरू करायचा असेल तर उत्तर येते ६.६. बाजारात ३.३ चे कंडेन्सर मिळतात. ते दोन समांतर जोडले की काम झाले. वूफरसाठी १५९ ला ८ ने गुणून ३,००० ने भागावे. उत्तर सुमारे ०.४२ मिलिहेन्री.

बदल पहिला : सांध्याची जागा

समजा दोनऐवजी ३.३ चा एकच कंडेन्सर टाकला. मग ट्वीटर ३,००० ऐवजी ६,००० हर्ट्झच्या आसपास कामाला लागेल. वूफरची कॉइल तीच राहिली तर मधला टापू दुबळा पडतो. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वाधिक तिखट असतो, आणि स, श, च, ख, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा बराचसा आवाज २,००० हर्ट्झच्या वर असतो. त्यामुळे गाणे चालू आहे हे कळते, पण ‘सात’ म्हटले की ‘हात’, ‘साल’ म्हटले की ‘खाल’ हे नीट कळत नाही. वयोमानाने आधी वरचाच आवाज ऐकू येईनासा होतो, म्हणून याचा फटका ज्येष्ठांना अधिक बसतो.

मग पोकळी भरण्यासाठी वूफरला अधिक वरपर्यंत वाजू द्यावे काय? पुष्कळ स्वस्त पेट्यांत तेच करतात. वूफरला कॉइलच नसते, फक्त ट्वीटरला एक कंडेन्सर असतो. यात वेगळी अडचण आहे. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर असते. पडदा त्याहून मोठा असला की आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ समोर जातो. ८ इंची वूफरच्या समोर बसलेल्याला शब्द कळतात, बाजूला बसलेल्याला फक्त गुणगुण ऐकू येते.

उलट १० मायक्रोफॅरड लावून ट्वीटरला २,००० हर्ट्झपर्यंत खाली ओढले तर आवाज भरल्यासारखा वाटतो, पण ट्वीटरचा जीव धोक्यात येतो. कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच आवाज काढण्यासाठी पडद्याला चौपट हलावे लागते. हळू आवाजात सारे ठीक चालते, मात्र कार्यक्रमात आवाज वाढविला की ट्वीटर प्रथम चिरकतो आणि मग जळतो.

बदल दुसरा : उताराचा तीव्रपणा

वाटणीच्या ठिकाणी भिंत नसते, उतार असतो. एकच कंडेन्सर असेल तर दर सप्तकाला आवाज सुमारे ६ डेसिबलने घटत जातो. ३,००० वर सांधा असला तरी एक सप्तक खाली, १,५०० हर्ट्झवर, विजेच्या शक्तीचा पाचवा हिस्सा ट्वीटरकडे जातच राहतो. कंडेन्सरला कॉइलची जोड दिली की उतार सप्तकाला १२ डेसिबल होतो आणि तोच हिस्सा सतराव्या भागापर्यंत उतरतो. ट्वीटर सुरक्षित राहतो आणि आवाज स्वच्छ होतो.

पण १२ डेसिबलचे क्रॉसओव्हरही एकच नसतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ बटरवर्थ यांनी १९३० साली मांडलेल्या पद्धतीने ३,००० हर्ट्झ व ८ ओहमसाठी कंडेन्सर ४.७ मायक्रोफॅरड आणि कॉइल ०.६ मिलिहेन्री येते. लिंकविट्झ व रायली या दोन अभियंत्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या विचारानुसार तीच मापे ३.३ आणि ०.८५ येतात. फरक किरकोळ वाटतो, परंतु पहिल्या पद्धतीत दोन्ही स्पीकरचा आवाज एकत्र येताना सांध्यावर ३ डेसिबलचा उंचवटा येऊ शकतो, म्हणजे तेथे शक्ती दुप्पट होते. तोही नेमका कान तिखट असतो त्या ठिकाणी. त्यामुळे आवाज प्रथम ‘क्लिअर’ वाटतो, पण तासाभराने डोके दुखू लागते. दुसऱ्या पद्धतीत बेरीज सपाट येते. विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकट्याने ६,००० हर्ट्झवर काम करणारा तोच ३.३ चा कंडेन्सर कॉइलच्या सोबतीने ३,००० वर काम करू लागला. एका भागाचे माप पाहून क्रॉसओव्हरची परीक्षा करता येत नाही.

बदल तिसरा : एका वायरची उलटापालट

डहाणूच्या किनाऱ्यावर दोघे मिळून जाळे ओढताना आपण पाहतो. दोघांचा जोर एकाच वेळी लागला तर जाळे सरसर येते. एक ओढत असताना दुसरा ढिला सोडत असेल तर ते जागचे हलत नाही. १२ डेसिबलच्या क्रॉसओव्हरमध्ये सांध्यावर नेमके हेच होते. दोन्ही स्पीकर सरळ जोडले तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, आवाज एकमेकांना मारतो आणि सांध्यावर खोल खड्डा पडतो. म्हणून अशा रचनेत ट्वीटरची अधिक-उणे टोके बहुधा उलटी जोडतात. वूफरचा पडदा खोलगट असल्याने त्याचा आवाज थोडा मागून निघतो, त्यामुळे हा नियम प्रत्येक पेटीला डोळे मिटून लावता येत नाही. दोन्ही प्रकारे जोडून ऐकावे लागते. दुरुस्तीच्या वेळी एक वायर उलटी लागली की चांगली पेटीही निर्जीव वाटू लागते. या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही, फक्त लक्ष द्यावे लागते.

लेबलावरचा आकडा

वरचा सगळा हिशेब ८ ओहम धरून केला. परंतु वूफरवर ८ ओहम लिहिले असले तरी वरच्या कंपनांना त्याचे ओहम वाढतच जातात, कारण त्याच्या आतही तारेचे वेटोळे आहे. मग पुस्तकी मापाची कॉइल पुरेशी अडवू शकत नाही. यावर उपाय म्हणून वूफरच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टन्स व एक कंडेन्सर एकापुढे एक जोडून लावतात.

तसेच ट्वीटर फार बोचरा वाटला तर त्याच्या वाटेत रेझिस्टन्स घालतात. ८ ओहमच्या ट्वीटरला २ ओहमचा रेझिस्टन्स लावला की आवाज सुमारे २ डेसिबलने उतरतो. पण कंडेन्सरला आता ८ ऐवजी १० ओहमचा भार दिसतो, आणि ६.६ मायक्रोफॅरडचा सांधा ३,००० वरून २,४०० वर घसरतो. एक बदलले की दुसरे हलते. खातेवहीत एका बाजूची रक्कम बदलून दुसरी तशीच ठेवता येत नाही, तसाच हा प्रकार.

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा छोटा स्पीकर तयार केला. त्यात केईएफ कंपनीचा एक लहान वूफर आणि एक ट्वीटर होता, आणि सांधा ३,००० हर्ट्झच्या आसपास. पेटी पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी, पण तिच्यातला क्रॉसओव्हर चांगलाच गुंतागुंतीचा, कारण माणसाचा आवाज खरा वाटावा हा त्यांचा आग्रह होता. पुढे स्पीकरच्या उत्पादनात थोडा थोडा फरक पडत गेला, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्रॉसओव्हरच नव्याने आखावा लागला. १५ ओहमची जुनी आवृत्ती आणि ११ ओहमची नवी यांवर रसिक आजही वाद घालतात.

आपल्याकडची हवा आणि जुन्या पेट्या

पुष्कळ पेट्यांत इलेक्ट्रोलिटिक जातीचे कंडेन्सर असतात. वीस-पंचवीस वर्षांत ते आतून सुकतात, आणि ट्वीटर हळूहळू मंद होतो. बदल इतका सावकाश होतो की घरच्या माणसांना कळतही नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने जोडण्यांवर गंज चढतो तो वेगळाच. अशा वेळी नवा स्पीकर घेण्याआधी त्याच मापाचे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर कंडेन्सर घालून पाहावेत. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे भाग मिळतात. अधिक-उणे खूण असलेला साधा कंडेन्सर येथे चालत नाही. दोन कॉइली एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत, ठेवल्या तर काटकोनात ठेवाव्यात. आणि महागड्या नावाला भुलू नये. कंडेन्सरच्या किमतीपेक्षा त्याच्या मापातला फरक कानाला कितीतरी लवकर जाणवतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

एका वेळी एकच बदल करावा. बदलापूर्वी आणि नंतर आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो. साल, शाल, चाल, ताल, खाल, सात, हात, खात असे वीस शब्द एकाने उलटसुलट क्रमाने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत. ते स्पीकरवर लावावेत, आणि एकाने समोर, एकाने बाजूला व एकाने शेवटच्या भिंतीशी बसून ऐकलेले शब्द लिहून काढावेत. कोणाचे किती शब्द चुकले ते मोजावे. वूफरची दिशा तपासायची असल्यास त्याच्या वायरी क्रॉसओव्हरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. पडदा पुढे आला तर सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला आहे. ट्वीटरला मात्र सेल थेट लावू नये.

आज डिजिटल यंत्रे हीच वाटणी बटण दाबून करतात, परंतु सांधा कोठे, उतार किती आणि दिशा कोणती हे तीन प्रश्न त्यांनाही चुकलेले नाहीत. पुढच्या वेळी आपल्या सभागृहासाठी किंवा घरासाठी स्पीकर घेताना किती वॅट एवढेच न विचारता, वूफरला कॉइल आहे का आणि सांधा किती हर्ट्झवर आहे, हेही विचारावे. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला वक्त्याचा शब्द न् शब्द कळला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.