लुआंडातील सोहळा आणि गोव्याचा धागा

अंगोलाच्या स्वातंत्र्याला ११ नोव्हेंबर २०२५ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. राजधानी लुआंडा येथील सुवर्णमहोत्सवी सोहळ्यास भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उपस्थित होत्या. भारतीय राष्ट्रप्रमुखांनी अंगोलाला दिलेली ही पहिलीच भेट. मित्रराष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी कोणाला पाठवायचे, याला राजनयात एवढे महत्त्व का असते?

निमंत्रण आले की सर्वप्रथम विचार होतो तो प्रतिनिधीच्या दर्जाचा. राजदूताची उपस्थिती हा नित्याचा शिष्टाचार मानला जातो. मंत्री गेल्यास विशेष आस्था व्यक्त होते. राष्ट्रपती किंवा पंतप्रधान स्वतः गेल्यास त्या देशाला दिलेले अग्रस्थान जगाला दिसते. बांगलादेशाच्या सुवर्णमहोत्सवास २६ मार्च २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ढाक्यात होते, तर त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या विजयदिनास तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद उपस्थित होते.

परतभेटीचाही संकेत असतो. अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष जुआंव लोरेन्सो मे २०२५ मध्ये दिल्लीत येऊन गेले होते. त्यांच्याकडे राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख ही दोन्ही पदे आहेत. भारतात ती विभागलेली असल्याने त्यांची राजकीय चर्चा पंतप्रधानांशी झाली; परतभेटीला मात्र समान दर्जाच्या राष्ट्रपती गेल्या. शिवाय १९८५ मध्ये प्रस्थापित झालेल्या उभय देशांच्या राजनैतिक संबंधांना याच वर्षी ४० वर्षे पूर्ण झाली. भारत अंगोलाकडून खनिज तेल घेतो, हा व्यावहारिक भागही त्यात आहेच.

गोमंतकीय वाचकासाठी या तारखेचा अर्थ आणखी जवळचा आहे. अंगोला आणि गोवा हे दोन्ही प्रदेश एकाच वसाहतवादी सत्तेखाली होते. अंगोलात सशस्त्र लढा सुरू झाला तो फेब्रुवारी १९६१ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिसंघटनांची संयुक्त परिषद स्थापन झाली. तिच्यात अंगोलाच्या संघटनेबरोबर गोव्यातील संघटनाही होत्या, आणि तिच्या उभारणीत बार्देशचे सुपुत्र आक्विनो द ब्रागांसा यांचा सहभाग होता. डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला. अंगोलाला मात्र आणखी १४ वर्षे झुंजावे लागले.

गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनने ते मान्य केले नव्हते. २५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने तेथील हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या कराराद्वारे पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व स्वीकारले. त्याच उठावाने अंगोलाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी केली.

१९७५ मध्ये पोर्तुगालच्या अखेरच्या उच्चायुक्तांनी सत्ता कोणत्याही संघटनेच्या हाती न देता ‘अंगोलाच्या जनतेला’ सोपवल्याचे जाहीर केले आणि मध्यरात्रीपूर्वीच ते लुआंडाहून निघून गेले. पन्नास वर्षांनंतरच्या सोहळ्यास मात्र पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रिबेलो द सौझा हजर होते. एकेकाळी ज्यांच्यात वैर होते, अशा देशांचे राष्ट्रप्रमुख मुक्त झालेल्या देशाचे पाहुणे म्हणून एकाच सोहळ्यात सहभागी झाले.

अशा सोहळ्यातील उपस्थिती म्हणजे इतिहासाला दिलेली मान्यता असते. ती मिळण्यास किती काळ जातो, हे गोव्याने स्वतः अनुभवले आहे. १९ डिसेंबर १९६१ नंतर लिस्बनच्या मान्यतेसाठी त्यालाही १३ वर्षे थांबावे लागले होते.