कचेरीतील टेलिफोन आणि त्याचे सामाईक नियम

तालुक्याच्या गावी एखाद्या मोठ्या हायस्कुलात किंवा दूध संघाच्या कचेरीत गेलात, तर टेबलाटेबलावर टेलिफोन दिसतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक, कारकुनाकडे एक, शिक्षकांच्या खोलीत एक, प्रयोगशाळेत एक, वसतिगृहात एक. पण बाहेरून इमारतीत येणाऱ्या लाइनी मोजल्या तर त्या दोन किंवा तीनच भरतात. मग हे वीस टेलिफोन दोन लाइनींवर नांदतात कसे? भिंतीवर, बहुधा विजेच्या मीटरशेजारी, धुळीने माखलेली एक पेटी असते. सगळा संसार ती चालवते. तिचे भारदस्त नाव ईपीएबीएक्स. लोक तिला नुसते इंटरकॉम म्हणतात, आणि आपणही तसेच म्हणू.

या पेटीत काही गोष्टी एकदाच ठरवायच्या असतात आणि त्या सगळ्या टेलिफोनांना लागू होतात. त्यांविषयी आज सांगायचे आहे. हा विषय मेकॅनिकचा, आपल्याला काय त्याचे, असे तुम्हांला वाटेल. पण वर्गात मूल चक्कर येऊन पडले आणि मास्तरांनी धावत जाऊन टेलिफोन उचलला, तर पुढे काय घडायचे ते मेकॅनिकने पेटीत पूर्वीच कधीतरी लिहून ठेवलेले असते.

आधी एक भेद ध्यानात घेऊ. गावचा बाजार कोणत्या वारी भरायचा हे गावाने ठरवायचे. त्या बाजारातून आपल्या घरी भाजी कोणती आणायची हे घराने. इंटरकॉममध्येही असेच दोन थर असतात. एका टेलिफोनची घंटा कमी करणे किंवा मुख्याध्यापक बाहेर असताना त्यांचे फोन कारकुनाकडे वळवणे या घरच्या गोष्टी. त्या बदलल्या तर शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. परंतु टेलिफोनांना क्रमांक कोणते द्यायचे, बाहेरची लाइन घ्यायला कोणता आकडा दाबायचा, रात्री आलेला फोन कुठे वाजवायचा, या गावच्या गोष्टी. त्यांतील एक आकडा बदलला की एका क्षणात साऱ्या इमारतीची वागणूक बदलते, आणि बदलल्याचे कुणी दवंडी पिटून सांगत नाही.

पूर्वी हे सारे माणसाच्या डोक्यात असे. मुंबईत टेलिफोनचे विनिमय केंद्र १८८२ साली निघाले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे मध्ये एक ऑपरेटर बसलेला असायचा. तुम्ही म्हणायचे, अमक्याला जोडून द्या, की तो दोर खोचून जोडून द्यायचा. घाबऱ्या आवाजात कुणी नुसते “डॉक्टर!” एवढेच म्हणाले तरी त्याला उमजत असे. पुढे अमेरिकेत ऑल्मन स्ट्रॉजर या गृहस्थाने आपोआप जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट १८९१ साली घेतले. हा गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवणारा होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. आपल्याकडे सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ साली स्थापन झाली; खेड्यातली धूळ आणि उन्हाळा सोसणारे लहान विनिमय केंद्र तिने तयार केले, आणि त्यांपैकी पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. यंत्राने सोय पुष्कळ केली यात वाद नाही. पण ऑपरेटरला जी समज होती, ती यंत्राला आकड्यांच्या कोष्टकांतून शिकवावी लागते. कोष्टकात नाही ते त्याला ठाऊक नाही.

या कोष्टकांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रमांकांचे कोष्टक. आता बघा, नवा इंटरकॉम बसवला की मेकॅनिक पहिल्या टेलिफोनला १०१ क्रमांक देतो, दुसऱ्याला १०२, तिसऱ्याला १०३. ऐकायला किती सरळ! शिपाईमामांच्यासुद्धा लगेच पाठ होते. परंतु १०१ हा अग्निशामक दलाचा क्रमांक आहे. १०२ गरोदर माता आणि बालके यांच्यासाठी असलेल्या रुग्णवाहिकेचा, तर १०८ आपल्या महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या रुग्णवाहिकेचा. १०० हा पोलिसांचा जुना क्रमांक, आणि ११२ हा आता साऱ्या देशात सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी एकच. बारा टेलिफोन असलेल्या शाळेत ११२ कुणाच्या वाट्याला येईल? समजा ग्रंथालयाच्या. प्रयोगशाळेत स्पिरिटने पेट घेतला, बाईंनी ११२ दाबला, आणि कुलूप लावलेल्या ग्रंथालयात घंटा वाजत राहिली. यंत्राने यात चूक काहीच केली नाही. एक-एक-दोन म्हणजे ग्रंथालय असे त्याला सांगितलेले होते, तसे त्याने केले.

मुलांच्या मदतीचा १०९८ हा चार आकडी क्रमांक तर आणखी गमतीने फसतो. यंत्राला घरचे क्रमांक तीन आकडी आहेत एवढेच माहीत. तेव्हा एक-शून्य-नऊ ऐकताच ते १०९ क्रमांकाची घंटा वाजवते. शेवटचा आठ कुणी ऐकतच नाही.

उपाय सोपा आहे, आणि तो पेटी बसवतानाच केला तर फुकट आहे. घरच्या क्रमांकांची सुरुवात २ पासून करावी: २०१, २०२, २०३. एक हा आकडा मोकळा ठेवावा. पहिला आकडा २ आला की यंत्र समजते, हे घरातलेच कुणाला तरी विचारताहेत. १ आला की समजते, हे मदतीचे आहे. मात्र नुसता १ मोकळा ठेवून भागत नाही. पुष्कळ यंत्रांत तातडीच्या क्रमांकांचे वेगळे कोष्टक असते. त्यात १००, १०१, १०२, १०८, ११२ आणि १०९८ हे क्रमांक लिहून घ्यावेत. एरवी बाहेर फोन करायचा तर आधी शून्य दाबून लाइन घ्यावी लागते; या कोष्टकातले क्रमांक शून्य न दाबता, आणि त्या टेलिफोनला बाहेरचे कुलूप असले तरीही, थेट बाहेर जातात. तुमच्या यंत्रात असे कोष्टक आहे का, हे मेकॅनिकला विचारा. नसेल तर आधी शून्य दाबायचा हे प्रत्येक टेलिफोनवर ठळक अक्षरांत चिकटवा.

शून्याने असा काय मोठा फरक पडतो, असे कुणी म्हणेल. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात मार्शल या गावी, एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट या तरुणीवर तिच्या विभक्त नवऱ्याने प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथेच होती. शिकवल्याप्रमाणे तिने टेलिफोन उचलला आणि त्या देशातला मदतीचा क्रमांक ९११ फिरवला. एकदा नव्हे, चार वेळा. फोन लागला नाही. त्या मोटेलात बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी ९ दाबावा लागत असे, आणि हे त्या लेकराला कोण सांगणार? कॅरी हंट वाचल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी पुढे हा प्रश्न लावून धरला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत कॅरीच्या नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० पासून तेथे बसवल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक नव्या यंत्रावर, आधी कोणताही आकडा न दाबता ९११ लागला पाहिजे, आणि तसा फोन गेल्याचे इमारतीतल्या जबाबदार माणसाला लगेच कळले पाहिजे, असा नियम आहे. ही दुसरी गोष्टही मोलाची आहे. वसतिगृहातल्या मुलाने मदत मागितली तर गाडी येईल ती शाळेच्या फाटकाशी; तिला कोणत्या खोलीकडे न्यायचे हे पहारेकऱ्याला ठाऊक नको का?

आता शून्याची दुसरी कथा, आपल्याच देशातली. मोबाइलसाठी नवे क्रमांक पुढे उपलब्ध व्हावेत म्हणून १५ जानेवारी २०२१ पासून, घरच्या किंवा कचेरीच्या लाइनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. घरी बसून फोन करणाऱ्याला एक आकडा जास्त, एवढाच फरक. इंटरकॉमवाल्यांना मात्र दोन शून्ये आली: पहिला पेटीला लाइन मागण्यासाठी, दुसरा मोबाइलसाठी. आणि येथेच पंचाईत झाली. बिल वाढू नये म्हणून कित्येक संस्थांनी पेटीत वर्षानुवर्षे एसटीडीचे कुलूप घातलेले होते, आणि ते कुलूप ओळखते काय, तर लाइन मिळाल्यावर पहिला आकडा शून्य आला की अडवायचे, इतकेच. त्या दिवसापर्यंत जवळच्या मोबाइलला शून्याशिवाय फोन लागत होता. त्या दिवसापासून तो कुलपात सापडला. आजच्या पालकांकडे मोबाइलखेरीज दुसरा टेलिफोन बहुधा नसतोच. म्हणजे असे कुलूप असलेल्या शाळेतून, मुलाला ताप आला हे पालकांना कळवण्याची वाट बंद.

तेव्हा या कुलपाची फेरतपासणी करा. मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणून शून्यानंतर हे आकडे आले तर जाऊ द्या, असे पेटीला सांगता येते. पण हे कुलूप पक्के नाही, हे जाणून असा. नागपूरचा संकेतांक ०७१२, गोव्यातील पणजीचा ०८३२. ७ आणि ८ मोकळे केले की तेही मोकळे झाले. आकडे मोजूनही भेद कळत नाही, कारण शून्यासह दोन्हींची लांबी अकराच भरते. माझे मत विचाराल तर बाहेरगावच्या फोनला आता एवढे भिऊ नये. पुष्कळ योजनांत देशभर बोलण्याचे दर आता वेगवेगळे राहिलेले नाहीत. तुमच्या लाइनीची योजना एकदा पाहून घ्या. परदेशाचा फोन दोन शून्यांनी सुरू होतो. लाइन मिळाल्यावर पुन्हा दोन शून्ये आली तर अडवा. तेवढे कुलूप बहुतेकांना पुरे.

परदेशाच्या फोनचे कुलूप आणखी एका कारणासाठी हवे. काही पेट्यांत बाहेरून फोन करणाऱ्याला पेटीतलीच दुसरी लाइन घेऊन पुढे बोलता येते. मालकाने घरून फोन करून कचेरीच्या खर्चाने बोलावे, अशी ही सोय. पण चोरालाही तीच उपयोगी पडते. वापरात नसेल तर ती बंद करवून घ्यावी. पेटीचा परवलीचा क्रमांक कारखान्यातून येताना बहुधा १२३४ यासारखा असतो, आणि तो पुस्तिकेत छापलेलाही असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. नवा क्रमांक बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा. तो नुसता मेकॅनिकच्या डोक्यात राहिला तर मेकॅनिक गाव सोडून गेल्यावर फार अडचण होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पेटीला घड्याळ असते आणि दिवस-रात्रीची पाळी ती त्यावरून ओळखते. आतला लहान सेल संपला असला, तर वीज गेल्यावर काही पेट्यांचे घड्याळ चुकते. मग भर दुपारी सगळे फोन वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे वाजू लागतात आणि त्यांना कोडे पडते. दुसरे, फोन दुसऱ्याकडे देण्यासाठी जी कळ क्षणभर दाबतो, तिची मुदत पेटीत ठरवलेली असते, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. टेलिफोन त्याहून जास्त वेळ दाब देत असेल तर पेटीला वाटते, बोलणे संपले, आणि समोरच्याचा फोन कटतो. ‘फोन देताना नेहमी तुटतो’ ही तक्रार कानी आली की लाइनीला दोष देण्याआधी हे पाहावे. तिसरे, घंटा किती वेळ वाजू द्यायची आणि कुणीच उचलला नाही तर कुठे वळवायची, हे ठरवताना शाळेची चाल ध्यानात घ्यावी. तास चालू असताना शिक्षकांच्या खोलीत कुणी नसते.

हे सारे मेकॅनिक येण्यापूर्वी कागदावर लिहून काढा, आणि लिहायला मुख्याध्यापकांबरोबर शिपाई, पहारेकरी, वसतिगृहाचे अधीक्षक यांनाही बसवा. शाळा सुटल्यावर टेलिफोन उचलणारे तेच असतात. मदतीच्या क्रमांकाची चाचणी घ्यायचीच तर आधी पोलीस ठाण्याला कळवून, एकदाच घ्या. समोरून आवाज आला की ही चाचणी आहे असे स्पष्ट सांगून मगच फोन ठेवा.

आणि वीज? पेटी विजेवर चालते. बॅटरी जोडलेली नसेल तर भारनियमनात सगळे टेलिफोन मुके होतात. यावर कित्येक पेट्यांत एक तोड असते: वीज जाताच एक ठरावीक टेलिफोन आपोआप बाहेरच्या लाइनीला थेट जोडला जातो. लाइन तांब्याच्या तारेची असेल तर तो विजेविना चालतो. काचतंतूची असेल तर तिच्या उपकरणालाही बॅटरी लागते. तो टेलिफोन कोणता हे मेकॅनिककडून जाणून घ्या आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका लावा. खाली एवढे लिहा: वीज नसताना येथून लाइनीसाठीचा शून्य दाबू नये, क्रमांक सरळ फिरवावा.