अल्प खर्चात घराची हिवाळापूर्व सिद्धता : उत्तर महाराष्ट्र व विदर्भातील पत्र्याच्या घरांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या हवामानाची चर्चा बहुधा पावसाळा व उन्हाळा या दोन ऋतूंभोवती फिरते. अवर्षण, अतिवृष्टी व उष्माघात हे अभ्यासाचे व शासकीय नियोजनाचे विषय ठरले आहेत. हिवाळा मात्र आल्हाददायक ऋतू म्हणून गृहीत धरला जातो. द्राक्षबागांवर, गव्हावर व हरभऱ्यावर थंडीचा काय परिणाम होतो याची नोंद घेतली जाते; परंतु त्याच शेतात राबणाऱ्या मजुराच्या घरात पहाटे चार वाजता किती थंडी असते, याची नोंद क्वचितच होते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते. नागपूर येथे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ते ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री एका पत्र्याच्या छताखाली काढणाऱ्या कुटुंबाला मर्यादित पैशांत काय करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उष्णता विकत घेण्यापूर्वी घरात असलेली उष्णता टिकविणे हाच अल्प उत्पन्न गटाला परवडणारा मार्ग होय, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

समस्येचे स्वरूप

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली गेले, तर थंडीची लाट मानली जाते. प्रशासकीय सूचना देण्यासाठी असा निकष आवश्यकच आहे. तथापि लाट जाहीर झाली नाही म्हणून थंडीचा त्रास नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. भारतातील मृत्यूंच्या राष्ट्रीय नमुन्यावर आधारित व २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतितीव्र थंडीपेक्षा मध्यम थंडीशी निगडित मृत्यूंची संख्या कितीतरी अधिक असल्याचे आढळले. पक्षाघात, हृदयविकार व श्वसनविकार ही त्यामागील प्रमुख कारणे होत. म्हणजेच दोन-चार कडाक्याच्या रात्रींइतकेच महत्त्व सलग दोन-अडीच महिने सोसाव्या लागणाऱ्या साध्या थंडीलाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समशीतोष्ण व थंड प्रदेशांतील घरांसाठी १८ अंश हे आंतरिक तापमान सुरक्षित मानले आहे. महाराष्ट्र उष्ण कटिबंधात असला, तरी वृद्ध, तान्ही मुले, बाळंतीण व दमेकरी यांच्या शरीराची गरज प्रदेशाची सीमा पाहून बदलत नाही.

या प्रश्नाला घरबांधणीतील बदलाची पार्श्वभूमी आहे. खानदेशातील धाब्याची घरे व मराठवाड्यातील माळवदे यांच्या छतावर मातीचा जाड थर असे. ही माती दिवसाची उष्णता शोषून घेई व रात्री हळूहळू परत देई. लाकडाची टंचाई, दरवर्षीची डागडुजी व गळती यांमुळे ही छते मागे पडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून फार मोठी जीवितहानी झाली. त्यामुळे जुन्या घराकडे परत जावे, असे म्हणता येत नाही. मात्र त्याची जागा घेणाऱ्या पन्हळी पत्र्याने वजन व गळती कमी करताना ऊबही घालविली. जनगणनेच्या वर्गीकरणात पत्र्याचे छत टिकाऊ साहित्यात गणले जाते. टिकाऊपणाचा हा निकष उबेविषयी काहीच सांगत नाही.

घरातील उष्णता कोठे जाते?

घराची उष्णता प्रामुख्याने तीन वाटांनी बाहेर पडते : छत व भिंतींतून होणारे वहन, फटींतून होणारी हवेची ये-जा आणि थंड पृष्ठभागाकडे होणारे उत्सर्जन. पत्र्याच्या घरात या तिन्ही वाटा मोकळ्या असतात. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून बाहेरील हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे पत्र्याच्या आतील बाजूने पाण्याचे थेंब ठिबकतात. घरातील माणसांच्या श्वासातील बाष्पाचेच त्या थंड पत्र्यावर संघनन होऊन पाणी होते. खाली झोपलेल्या माणसाचे शरीरही या थंड पत्र्याकडे सतत उष्णता उत्सर्जित करीत असते. हवा फारशी थंड नसतानाही ‘वरून गार पडते’ असा जो अनुभव सांगितला जातो, त्याचे कारण हेच आहे.

पुढील अंदाजी आकडेमोड या संदर्भात उद्‌बोधक ठरेल. ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशा खोलीचे छत २० चौरस मीटर भरते. बाहेर ८ अंश व आत १६ अंश तापमान राखावयाचे असल्यास दोहोंत ८ अंशांचा फरक राहतो. उघड्या पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकास सुमारे ७ वॅट उष्णता निसटते. म्हणजे केवळ छतातून सुमारे १,१२० वॅट उष्णता वाया जाते. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तट्ट्या किंवा गोणपाटाचे आढे बांधले व त्याच्या कडा बंद केल्या, तर मधल्या स्थिर हवेमुळे हे प्रमाण ७ वरून ३ वॅटपर्यंत येते व एकूण हानी सुमारे ४८० वॅट होते. त्या आढ्यावर ५ सेंटीमीटर जाडीचा कोरड्या गवताचा थर असल्यास हानी सुमारे १६० वॅटपर्यंत खाली येते.

आता दुसरी बाजू पाहू. झोपलेल्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून सुमारे ७० वॅट उष्णता बाहेर पडते. पाच माणसांच्या कुटुंबाकडून सुमारे ३०० वॅट उष्णता रात्रभर खोलीला मिळत असते. उघड्या पत्र्याच्या घरात ती नगण्य ठरते. आढे घातलेल्या व फटी बुजविलेल्या घरात मात्र तिलाच मोल येते. भिंतींची गोष्ट थोडी निराळी आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास सात-आठ तास लागतात. त्यामुळे दुपारी उन्हात तापलेली भिंत रात्री काही काळ खोलीला साहाय्यच करते. म्हणून मर्यादित पैसा प्रथम भिंतींवर खर्च करण्याचे कारण नाही.

उपाययोजनांचा क्रम

अल्प खर्चात ‘काय करावे’ याइतकेच ‘आधी काय करावे’ हेही निर्णायक असते. त्या दृष्टीने पुढील क्रम सुचविता येईल.

१. फटी बुजविणे : पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तेथे प्रत्येक पन्हाळीखाली पोकळी राहते. ५ मीटर लांबीच्या दोन भिंतींवर ही पोकळी सरासरी दीड सेंटीमीटर धरली, तरी एकूण १,५०० चौरस सेंटीमीटर जागा उघडी राहते. सव्वा फूट लांब व तितकीच रुंद खिडकी रात्रभर सताड उघडी ठेवण्यासारखेच हे होय. माती, शेण व भुसा यांचा गारा किंवा जुन्या चिंध्यांचे बोळे यांनी ही पोकळी बुजविता येते. दाराच्या उंबऱ्याशी गोणपाटाची वळकटी आणि दारावर जुन्या गोधडीचा पडदा पुरेसा ठरतो. या उपायास पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि परिणाम पहिल्याच रात्री जाणवतो.

२. अंथरूण : गोधडीची ऊब तिच्या थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. शरीराच्या भाराखाली हे थर दबतात व त्यांची ऊबही घटते. म्हणून सारी पांघरुणे अंगावर घेण्यापेक्षा त्यांतील काही खाली अंथरणे अधिक लाभदायक असते. जमिनीवर पोत्यात भरलेल्या कोरड्या गवताची गादी व तीवर सतरंजी हा स्वस्त उपाय होय. बाजेवर झोपणाऱ्यांनाही खालून वाहणाऱ्या थंड हवेमुळे जाड अंथरुणाची गरज असते. दमट गोधडी ऊब देत नाही. ती दिवसा उन्हात टाकणे हा तिच्या उपयोगाचाच भाग मानला पाहिजे.

३. झोपण्याच्या जागेपुरते आढे : संपूर्ण छताखाली आढे बांधणे परवडत नसल्यास जेथे कुटुंब झोपते तेवढ्या सहा-सात चौरस मीटर जागेवर ते बांधावे. तेही शक्य नसल्यास जुन्या साड्यांचा दुपदरी चांदवा अंथरुणावर ताणावा. साधे कापडही शरीर व थंड पत्रा यांच्यामधील उत्सर्जन अडविते. आढ्यासाठी वापरावयाचे गवत कोरडे असावे. जनावरांसाठी राखलेला कडबा यात खर्ची घालणे शेतकरी कुटुंबास परवडणारे नाही; त्याऐवजी छपराचे गवत उपयोगात आणावे. चुलीच्या वर आणि उघड्या वीजतारांजवळ गवत, गोणपाट अथवा थर्मोकोल वापरू नये. आगीचा धोका संभवतो.

४. उन्हाचा उपयोग : २१ अंश अक्षांशावरील नागपूर येथे डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडील दार-खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येते. या बाजूची ताडपत्री, वाळत घातलेले कपडे व लाकडांची रास हलवावी. ती रास उत्तरेकडील भिंतीला लावल्यास वाराही अडतो. दुपारी दारे-खिडक्या उघडून सूर्य कलताच बंद केल्यास भिंती व जमीन यांत उष्णता साठते.

५. कृत्रिम उष्णता : क्रमात ती शेवटी येते. १,००० वॅटचा विद्युत तापक आठ तास चालविल्यास रोज ८ व महिन्यास २४० युनिट वीज लागते. एका हंगामाच्या बिलात एरवी आढे उभे राहू शकते, आणि आढे पुढील वर्षीही राहते. आजारी वा वृद्ध व्यक्तीच्या पायथ्याशी गरम पाण्याची पिशवी ठेवणे हा अधिक काटकसरीचा मार्ग होय.

दक्षता

घर उबदार करण्याच्या प्रयत्नात दोन धोके संभवतात. पहिला धोका बंद खोलीत शेगडी ठेवण्याचा. धुमसणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. झोपलेल्या माणसास त्याची चाहूल लागत नाही आणि संपूर्ण कुटुंब झोपेतच दगावू शकते. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक आहेत, हा समज सर्वाधिक घातक आहे. शेकोटी अंगणात असावी आणि शेगडी झोपण्यापूर्वी घराबाहेर न्यावी, याला अपवाद नाही. फटी बुजविलेल्या घरात तर हा नियम अधिकच कटाक्षाने पाळला पाहिजे.

दुसरा धोका कोंदट हवेचा. एकाच खोलीत अनेक जण झोपत असल्यास क्षयरोगासारख्या आजारांचा प्रसार बंदिस्त हवेत सुलभ होतो. म्हणून खालच्या व उत्तरेकडील फटी बुजविल्या, तरी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस उंचावर एक लहान झरोका उघडा ठेवावा आणि दुपारी सारे घर मोकळे करावे. झरोक्यातून थोडी उष्णता जाते. परंतु ते अनाठायी नुकसान नव्हे.

कालनियोजन व महाविद्यालयांची भूमिका

ही कामे थंडी पडल्यावर करण्याची नाहीत. कोजागरीनंतर पाऊस ओसरतो व भिंती वाळू लागतात. दिवाळीच्या साफसफाईत घरातील सामान एरवीही बाहेर निघते आणि सारवण-लिंपण होते. त्याच हातासरशी फटी बुजविल्या, आढे बांधले व गोधड्या शिवल्या, तर वेगळी मजुरी मोडावी लागत नाही. ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या खोपींना मात्र हे वेळापत्रक लागू पडत नाही. त्यांचा हिवाळा परगावी, उघड्यावर जातो. त्यांच्यासाठी सोबत नेता येईल असे अंथरूण व चांदवा हेच मुख्य साधन उरते.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे अनेक महाविद्यालये हिवाळ्यातच घेतात. दत्तक गावातील पाच-सहा घरांत साधे कमाल-किमान तापमापक लावून आढ्यापूर्वीची व आढ्यानंतरची पहाटेची नोंद घेणे हे भौतिकशास्त्र, भूगोल, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना सहज जमणारे काम आहे. कोणत्या गावात गवत मिळते, कोठे बांबू, कोठे केवळ बारदान, याचे उत्तर स्थानिक पाहणीतूनच मिळू शकते. अशा नोंदी जमल्यास घरकुलाच्या छताविषयी ग्रामसभेत आधारासह बोलता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, पत्र्याच्या घरातील थंडी ही केवळ हवामानाची देणगी नसून छत, फटी व अंथरूण यांच्या रचनेचाही परिणाम आहे. फटी, अंथरूण, आढे, ऊन व शेवटी कृत्रिम उष्णता हा क्रम पाळल्यास अत्यल्प साधनांतही पहाटेची थंडी सुसह्य करता येते. हा क्रम उलटा झाला, की पैसा व सरपण दररोज खर्च होते, पत्र्यावाटे निघून जाते आणि बंद खोलीतील शेगडीचा धोका मागे उरतो. धाब्याच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दिलेली ऊब हलक्या छताखाली पुन्हा मिळवून देणे हे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी हिवाळा हाही गरिबाच्या घराच्या दृष्टीने एक आपत्ती असू शकतो, हे प्रथम मान्य करावे लागेल.