भरती नसलेल्या समुद्राकाठी

जानेवारीतला रविवार होता. दुपारची जेवणे आटोपली होती आणि टेबलावर युरोपच्या सहलींची चार रंगीत पत्रके पसरली होती. ‘बारा दिवसांत सात देश’ हे त्यातले त्यात निवांत. मुलीने बोट ठेवून दिवस मोजले आणि म्हणाली, ‘‘बाबा, यात रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर काढून ठेवायच्या आहेत.’’ आई दिवाणावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांनी कधीचा संप पुकारलेला. तिने शांतपणे सांगून टाकले, ‘‘तुम्ही जाऊन या. मी ताईकडे राहीन.’’

असे ती गेली आठ वर्षे म्हणते आहे आणि आम्हीही, खोटे कशाला बोला, तिला ताईकडे सोडून निमूटपणे जात आलो आहोत. या वेळी मात्र ते वाक्य लागले. आईचे माहेर गुहागरचे. परसातून निघाले की सुरूचे बन आणि बनापलीकडे समुद्र. पण मुलींनी घोटाभर पाण्यापलीकडे जायचे नाही असा घरचा दंडक. पुढे लग्न झाले, डोंबिवलीचा तिसरा मजला आला, समुद्र सुटला तो सुटलाच. समुद्राच्या गावची ही बाई आयुष्यात कधी समुद्रात उतरलेली नाही, हे मला वयाच्या पन्नाशीत कळले.

पत्रके रद्दीत गेली. एकच गाव, एकच खोली, दहा दिवस, आणि खुर्चीतून उतरता येईल असा समुद्र, एवढी मागणी ठरली. कचेरीतले एक सहकारी बरीच वर्षे इंग्लंडात राहून आलेले. ते म्हणाले, ‘‘मग बेनिडॉर्मला जा. तिकडचे निम्मे म्हातारे तिथेच जातात.’’ आमच्या मेव्हण्यांनी कपाळाला हात लावला. स्पेनला जायचे आणि माद्रिद-बार्सिलोना सोडून वाळूत बसून राहायचे? लोक विचारतील तेव्हा काय पाहिले म्हणून सांगणार?

मेव्हण्यांचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच असतो. आपण सहलीला जातो ते ‘पाहायला’. एका जागी बसणे आपल्याला पैसे वाया घालवल्यासारखे वाटते. बेनिडॉर्म हे गाव मात्र बसण्यासाठीच वसवलेले आहे आणि त्याची कथा पाहण्यासारखी नसली तरी ऐकण्यासारखी नक्की आहे.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, अलिकांते प्रांतात, भूमध्य समुद्राकाठी हे गाव आहे. मागे चौदाशे मीटरचा पुच कंपाना डोंगर. त्याच्या माथ्यावर सुरीने कापून काढावा तसा एक चौकोनी खाचा आहे. समोर समुद्रात त्रिकोणी बेट. तो खाच्यातला तुकडा म्हणजेच हे बेट, अशी दंतकथा. आपल्याकडे असता तर भीमाने गदा मारली असती, तिकडे रोलदान नावाच्या वीराने तलवार मारली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कोळ्यांचे आणि खलाशांचे गाव होते. टुना मासा अडवायची जी प्रचंड जाळी समुद्रात लावतात, तिचे नायक म्हणून इथल्या पुरुषांचा लौकिक दूरवर होता. पुढे तो धंदा बसत गेला. अशा वेळी पेद्रो सारागोसा नावाचा तरुण नगराध्यक्ष झाला. गावाजवळ मासे उरले नाहीत, पण ऊन आणि वाळू आहे, हे त्याने ओळखले. १९५६ साली गावाचा नगररचना आराखडा झाला, रुंद रस्ते आखले गेले. पुढे १९६३ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि कोळ्यांच्या घरांमागे गगनचुंबी हॉटेले उभी राहू लागली. २००२ साली उघडलेले तिथले एक हॉटेल १८६ मीटर उंच आहे.

या नगराध्यक्षाची एक गोष्ट तिथे आवर्जून सांगतात. परदेशी बायका बिकिनी घालून किनाऱ्यावर येऊ लागल्या तेव्हा फ्रँकोच्या राजवटीतल्या स्पेनमध्ये केवढा गहजब झाला! सारागोसाने बिकिनीला परवानगी दिली, धर्मगुरू खवळले, त्याला धर्मबहिष्कृत करण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा हा गडी व्हेस्पा स्कूटरवर बसून थेट माद्रिदला गेला आणि फ्रँकोला भेटून आला. त्यानंतर कोणी काही बोलले नाही म्हणतात. तिखटमीठ किती ते सोडून द्या. पण ही गोष्ट मी घरी सांगितली आणि आईच्या मनातला खरा प्रश्न बाहेर आला. ‘‘तिथे मी काय घालायचं रे?’’

चित्रफिती लावून तिला दाखवल्या. सकाळी नऊलाच घडीच्या खुर्च्या घेऊन आलेल्या स्पॅनिश आज्या. गुडघ्यापर्यंतचे सुती झगे, डोक्यावर टोप्या, पाय पाण्यात, हातात पत्त्यांचा डाव आणि तोंडाची टकळी चालू. आईने निरखून पाहिले. ‘‘या तर आपल्या वाड्यातल्यासारख्याच आहेत,’’ असा शेरा मारून ती उठली आणि पासपोर्टसाठी जन्मदाखला शोधू लागली. सलवार-कुडता ठरला.

आता तयारीचे. मोसम कोणता? जुलै-ऑगस्टात तिथे वाळू दिसत नाही, माणसेच दिसतात. समुद्र सर्वांत सुखद सप्टेंबरात, दोन महिन्यांचे ऊन खाऊन कोमट झालेला. पण सप्टेंबरात आपल्या मुलांच्या शाळा. राहिला जूनचा पहिला पंधरवडा. पाणी जरा गार, पण गर्दी बेताची आणि सूर्य रात्री सव्वानऊपर्यंत आकाशात. जूनच्या २० ते २४ तारखांना अलिकांते शहरात सान हुआनचा होळीसारखा उत्सव असतो, मोठमोठे पुतळे उभारून शेवटच्या रात्री जाळतात. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी खोल्या फार आधी धराव्यात. आम्ही त्याआधीच परतणार होतो.

जूनला जायचे तर व्हिसाची धावपळ ऐन मोसमात येते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस. शहाण्या माणसाने पंधरा दिवसांच्या वाटेला जाऊ नये. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावे लागते आणि मे महिन्यासाठी वेळ मिळता मिळत नाही. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. शुल्क मोठ्यांना नव्वद युरो. व्हिसा नाकारला गेला तर हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून हॉटेल ‘रद्द केल्यास पैसे परत’ याच बोलीवर घ्यावे.

हॉटेलवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तरी एकदा फसलो. गावाला दोन मोठे किनारे आहेत, मधल्या खडकावर निळ्या घुमटांचे चर्च आणि जुने गाव. पूर्वेकडचा लेवांते सुमारे दोन किलोमीटर, गजबजलेला. पश्चिमेचा पोनिएंते सुमारे तीन, तुलनेने शांत, स्पॅनिश कुटुंबांचा. लेवांतेच्या टोकाला रिंकोन दे लोइश म्हणून वस्ती आहे. तिथे इंग्रजांचे मद्याचे गुत्ते आणि पहाटेपर्यंत गाणी. शिवाय ती वस्ती चढावर आहे. ‘समुद्रापासून पाचशे मीटर’ हे जाहिरातीतले वाक्य खरे असते, ते पाचशे मीटर कोणत्या कोनात आहेत हे कोणी लिहीत नाही. आम्ही पोनिएंते निवडला. तिथला किनारी रस्ता २००९ साली नव्याने बांधला आहे, लाटांसारखा वळणावळणाचा आणि रंगीबेरंगी.

फसलो ते न्हाणीघरात. ‘वृद्धांसाठी सोयीचे’ असे हॉटेलने लिहून कळवले होते. जाऊन पाहतो तो मांडीएवढ्या उंच काठाचा बाथटब! खोली बदलून मिळेपर्यंत दोन दिवस आईची आंघोळ म्हणजे सौभाग्यवतींची कसरत झाली. तेव्हा नेमके प्रश्न विचारावेत: दारात पायऱ्या किती, लिफ्ट तळमजल्यापर्यंत येते का, टब आहे की नुसता शॉवर, आणि त्या न्हाणीघराचे छायाचित्र पाठवता का? ‘सोयीचे’ या शब्दाला युरोपातही काही अर्थ नाही.

मुंबईहून अलिकांतेला थेट विमान नाही. आम्ही माद्रिदला उतरलो, एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत अलिकांतेला पोचलो. मेव्हण्यांसाठी म्हणून माद्रिदचे चार फोटोही काढले. विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवावे लागते, ती फुकट असते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. हे आईला पटवायला मात्र ४८ तासांहून जास्त लागले. अलिकांतेहून बेनिडॉर्मला किनाऱ्याकाठाने ट्राम जाते. सव्वा तासाच्या त्या वाटेवर आई खिडकीला नाक लावून बसली होती.

खाण्याची काळजी फार करू नये, पण थोडी करावी. पुस्तकातून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढे पाठ करून जावे आणि पुढे ‘सिन हामोन’ हेही जोडावे, कारण डुकराच्या त्या खारवलेल्या कापांना तिथे पुष्कळ लोक मांसात धरत नाहीत. बटाटा घालून केलेले जाड ऑम्लेट, टोमॅटो चोळलेला पाव, नुसत्या भाज्यांचा भात हे सर्वत्र मिळते. दुपारच्या ठरावीक जेवणात पोट भरते आणि खिसाही फार हलका होत नाही. इंग्रज गिऱ्हाइकांमुळे भारतीय खानावळीही बऱ्याच आहेत. त्यांच्या आमटीबद्दल आईचे मत मी इथे लिहीत नाही. याउलट जवळच्या शिशोना गावची बदाम-मधाची वडी तिला एवढी आवडली की डोंबिवलीतल्या शेजाऱ्यांसाठी तीन डबे आले.

एक गोष्ट तिथल्या नळाकडे पाहताना आठवावी. १९७८ साली दुष्काळात या गावाला जहाजांतून पाणी आणावे लागले होते. समोर अथांग पाणी आणि हॉटेलात थेंब नाही. त्यातून ते शहाणे झाले. उंच इमारतींवर आपण नाके मुरडतो, पण लोक एकावर एक राहिल्याने जमीन कमी लागते, आणि बागा-तलावांच्या सुट्या बंगल्यांपेक्षा पाणीही कमी. कोकणात किनाऱ्याला लागून एकेक बंगला उठतो आहे. तिथल्या विहिरींचे काय होते ते आईच्या माहेरच्यांना विचारावे.

मुले पाण्याच्या घसरगुंड्यांच्या उद्यानात गेली, एक दिवस ट्रामने आल्तेआच्या पांढऱ्या घरांत हिंडून आली. आई पहिले तीन दिवस छत्रीखाली बसली. पहिल्याच सकाळी तिने विचारले, ‘‘भरती किती वाजता?’’ भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच, हे सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. संध्याकाळपर्यंत ती पाण्याच्या कडेला एक चप्पल ठेवून खात्री करत होती. चप्पल जागची हलली नाही.

अपंगांना आणि वृद्धांना समुद्रात नेण्याची सोय नगरपालिकेने या किनाऱ्यांवर केलेली आहे. वाळूवर लाकडी वाट, आणि मोसमात तरंगत्या खुर्च्या व त्या ढकलणारे मदतनीस. कोणत्या तारखांना, किती वाजता, ते आम्ही आधीच पत्र लिहून विचारले होते. याच उत्तरावर सगळी सहल उभी होती. चौथ्या दिवशी आई म्हणाली, ‘‘चल, बघू तरी.’’

पिवळे तरंगते हात असलेली ती खुर्ची. दोन तरुण मदतनीस, एक मुलगा आणि एक मुलगी. आईला भाषा कळत नव्हती, तरी ती त्यांच्याशी मराठीत बोलत होती आणि तीही मान डोलावत होती. पाणी घोट्याला लागले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, आणि मग चाके सुटून खुर्ची अलगद तरंगू लागली. तिने माझा हात सोडला. ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावले आणि म्हणाली, ‘‘आपल्यापेक्षा खारट आहे हो!’’ (खरेच आहे, भूमध्याचे पाणी अरबी समुद्राहून खारट.)

अर्ध्या तासाने मदतनीस मुलीने खुणेने विचारले, परत जायचे का? रांगेत आणखी दोन आजोबा थांबले होते. आईने त्यांच्याकडे पाहिले, नाइलाजाने मान हलवली आणि मला म्हणाली, ‘‘उद्या किती वाजता उघडतं, विचारून ठेव.’’