घोडेगाव ते एरिसेरा: फिरणं वेगळं, राहणं वेगळं

एरिसेरा हे पोर्तुगालमधलं, लिस्बनच्या वायव्येचं मासेमारीचं गाव. 2011 पासून युरोपातलं पहिलं जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र. शेंगेन पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येतं; लाटा पाहायला तेवढे पुरतात. बिऱ्हाड थाटायचं तर पेन्शन, भाडं अशा कायम उत्पन्नावर डी-7 व्हिसा. परदेशी कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांना ऑक्टोबर 2022 पासून डी-8. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते.

घोडेगावकराचा पासपोर्टचा अर्ज पुण्यात, पोलिस पडताळणी मात्र घोडेगाव ठाण्याची. जन्म-विवाहाच्या दाखल्यांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण, लागतं. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 पासून आहे. ‘गोवेकरांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, मग आपल्याला का नाही?’ कारण तो हक्क 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा. घोडेगावचा आंबेगाव तालुका त्यात बसत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्वही नाही. तिथलं घेतलं की इथला पासपोर्ट जमा करायचा. उरतं परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड: त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र नावावर राहू शकते.