फेकण्याआधी उलटून पाहा

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून माणसे इथे कामाला आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. नोकरीत असेपर्यंत सेक्टरमधले क्वार्टर आणि निवृत्तीनंतर स्वतःचे घर. माझ्या आजोबांनी ते नेहरू नगरमध्ये बांधले. आता जिना चढवत नाही म्हणून आजी-आजोबा पुण्याला काकांच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला जाणार आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचे सामान निवडायला मदत केली. बदली फौजी घरांनाही चुकत नाही, म्हणून त्यातून कळलेले इथे लिहितो.

जुन्या वस्तूची किंमत तीन प्रकारची असते.

पहिली वजनाची. बंब, घंगाळ, हंडे, कळशा मोडीच्या भावाने जातात. तांब्याला पितळेपेक्षा भाव जास्त, म्हणून दोन्ही वेगळे तोलून घ्यावे. शंका आली तर चुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही, वरून मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो.

दुसरी बाजाराची. इथे वय नव्हे, दुर्मीळपणा महत्त्वाचा. इंग्रजी अमलातला रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. त्यामुळे आधी साल वाचा. घंगाळाला चिंच लावलेली चालते, नाण्याला नाही. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहक कमी करतात. कागदही तपासा. जुनी शेअर प्रमाणपत्रे रद्दी नसतात. १ एप्रिल २०१९ पासून ती कागदी रूपात विकता येत नाहीत, पण डीमॅट करून घेता येतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल, तर शेअर सरकारी निधीत जमा होतात. तिथूनही ते अर्ज करून परत मिळवता येतात.

तिसरी किंमत घराची. ती कोणताही सोनार सांगणार नाही. आजीच्या डब्यात एक काळवंडलेले पदक होते. सगळे त्याला ‘लढाईतला रुपया’ म्हणत. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला १९१४ आणि १९१८. हे पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्या सैनिकाला ते चांदीचे मिळे, सैन्याबरोबरच्या अनेक मजूर-सेवकांना ब्राँझचे. खरी माहिती कडेवर असते. भिंगातून क्रमांक, हुद्दा, नाव आणि ‘११७ मराठा’ ही पलटण दिसली. ते नाव आजोबांच्या आजोबांचे होते. आजोबांनी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी ते नाव दोनदा मोठ्याने वाचले. ही पलटण मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होती. तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. ते स्वतः वेढ्यात होते का, हे पदक सांगत नाही. पण शोध कुठून सुरू करायचा हे सांगते.

मोडीत त्या पदकाचे थोड्या चांदीचे पैसे आले असते. ते पुण्याला जाईल, न घासता, कागदात गुंडाळून.

तुमच्या घरी आवराआवर निघाली, तर क्रम असा ठेवा: आधी डबे आणि खिसे रिकामे करा, मग नाव, साल व शिक्का शोधा, आणि विकण्याचा विचार शेवटी करा. जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावे पेन्सिलीने लिहून घ्या. हे काम पहिल्याच दिवशी करा, कारण ती नावे सांगणारी माणसे आज आपल्याजवळ आहेत.